कॅप्टन प्राइस: या कमांडरच्या मागे आपण इतक्या विश्वासानं का चालतो?

सह्यकडा
'कॉल ऑफ ड्यूटी'मधल्या कॅप्टन जॉन प्राइसबद्दल मराठीत निवांत बोलावं अशी फार दिवसांची इच्छा होती, म्हणून हा धागा. रहस्यभेद भरपूर होणार आहे. ज्यांना खेळायचं आहे त्यांनी आधी खेळून या, धागा इथेच असेल.

माझं म्हणणं असं. नेमबाजीच्या बहुतेक गेममध्ये नायक आपणच असतो आणि सोबतचे सैनिक नावापुरते. २००७ च्या 'मॉडर्न वॉरफेअर'मध्ये इन्फिनिटी वॉर्ड या कंपनीनं वेगळं केलं. तिथे आपण सार्जंट सोप मॅक्टॅव्हिश, ब्रिटनच्या खास कमांडो दलात, म्हणजे २२ एसएएस रेजिमेंटमध्ये, नव्यानं दाखल झालेला. त्याच्या तोंडी एक शब्द नाही. दार कधी उघडायचं, गोळी कधी झाडायची, कधी श्वास रोखून पडून राहायचं, सगळं प्राइस ठरवतो. आपल्याला बहुतेक वेळ दिसते ती त्याची पाठ. तरी खेळताना कमीपणा वाटत नाही. उलट तो दिसेनासा झाला की पोटात गोळा येतो.

हे कशामुळे घडतं? लिखाणामुळे, आवाजामुळे, की गेमच्या रचनेमुळे? आणि दुसरा प्रश्न: तो खरोखर चांगला अधिकारी आहे, की नुसता आपला लाडका आहे?

टोपीवाला
पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिशी. कल्ल्यांना जाऊन भिडणारी तशी मिशी आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाला जमली नाही.

निशाचर
टोपीवाला, मिशीला अनुमोदन. टोपीलाही.

सह्यकडा, मी हा गेम २००८ मध्ये पुण्यात सायबर कॅफेत खेळलो. कॉलेज सुटलं की आम्ही चौघं एका मशीनभोवती. एक जण खेळायचा, बाकीचे सूचना द्यायचे. 'क्रू एक्स्पेंडेबल' हे मिशन आठवतंय? रात्र, पाऊस, बेरिंगच्या सामुद्रधुनीत मालवाहू जहाज, आणि हेलिकॉप्टरमध्ये प्राइस शांतपणे सिगार ओढत बसलेला. उतरायची वेळ झाली की सिगार फेकून देतो, मुखवटा चढवतो आणि दोराला लागतो. तेवढ्यावरून कळतं की या माणसानं हे काम पूर्वी पुष्कळदा केलंय. एक वाक्यही खर्ची न घालता माणूस उभा केला.

पण खरी गंमत शेवटी. जहाज बुडायला लागतं, कॉरिडॉर तिरके होतात, पाणी आत घुसतं आणि तो सारखा ओरडून आपल्याला पुढे काढतो. आपण हेलिकॉप्टरच्या फळीकडे उडी मारतो, हात निसटतो, आणि प्राइस मनगट पकडून वर ओढतो. तिथून पुढे मी त्याच्या मागे कुठेही गेलो असतो. गेमच्या अगदी सुरुवातीलाच त्यानं ते कमावलेलं असतं.

ऋतुजा_डी
आणि 'मॉडर्न वॉरफेअर २'मध्ये 'क्लिफहँगर' मिशनला बर्फाच्या कड्यावरून रोच, म्हणजे तिथले आपण, घसरतो तेव्हा सोप त्याचा हात तसाच पकडतो. सोप आता स्वतः कॅप्टन झालेला आहे. कुणी काही बोलून दाखवत नाही, पण तो हे कुणाकडून शिकला ते आपल्याला ठाऊक असतं.

अथांग_०५
माझं वय बघता मला प्राइस आधी 'कॉल ऑफ ड्यूटी: मोबाइल'मध्ये भेटला. २०१९ ला गेम आला तेव्हा मी शाळेत होतो. माझ्यासाठी तो फक्त एक छान दिसणारा स्किन, म्हणजे पात्राचं बाह्यरूप, होता. तुम्ही सगळे इतकं भरभरून लिहिताय तर मूळ गेम खेळावा म्हणतो. २००७ चा खेळू की २०१६ चा रिमास्टर?

निशाचर
अथांग, रिमास्टर खेळ. चित्रं नवी आहेत, मिशनं आणि प्राइसचा आवाज तोच.

जुनी_पानं
प्राइसचा जन्म २००७ चा नाही, हे इथे यायला हवं. २००३ चा पहिला 'कॉल ऑफ ड्यूटी' दुसऱ्या महायुद्धावर होता आणि त्यातही कॅप्टन प्राइस आहे. तशीच मिशी. ६ जून १९४४ च्या पहाटे नॉर्मंडीतल्या पेगॅसस पुलावर तो ब्रिटिश तुकडीचं नेतृत्व करतो. पुढे जर्मन गणवेश घालून 'तिरपित्झ' या युद्धनौकेवर शिरतो आणि तिथेच मारला जातो. (खरी 'तिरपित्झ' १२ नोव्हेंबर १९४४ ला ट्रॉम्सोजवळ ब्रिटिश लँकेस्टर विमानांनी बुडवली. बोटीवर चढून केलेली कामगिरी गेमवाल्यांची.) २००५ च्या दुसऱ्या भागात तो उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात परत येतो.

म्हणजे २००७ ला त्यांनी आपलं एक जुनं पात्र नाव, हुद्दा आणि मिशीसकट आजच्या काळात आणून बसवलं. पहिला भाग खेळलेल्यांना तेव्हा पडद्यावर प्राइस दिसला तो ओळखीचा माणूस म्हणून. त्याच्याबद्दलच्या विश्वासाचा काही वाटा तिथून आलेला आहे.

थेम्सकाठ
पेगॅसस पुलाचा विषय निघाला म्हणून लिहिते. आम्ही इंग्लंडात राहतो. मुलाच्या हट्टापायी नॉर्मंडीला रांव्हिलच्या संग्रहालयात गेलो होतो. मूळ पूल तिथे आवारात ठेवलाय, कालव्यावर १९९४ ला नवा पूल बसवला. मुलगा पुलाच्या लोखंडावरचे गोळ्यांचे व्रण शोधत फिरत होता, कारण गेममध्ये तो तिथे लढला होता. खरी कामगिरी मेजर जॉन हॉवर्ड यांची. ऑक्सफर्डशायर अँड बकिंगहॅमशायर रेजिमेंटची डी कंपनी, सहा ग्लायडर, १८१ माणसं. रात्री इंजिनाशिवाय उतरायचं, पूल उडवला जायच्या आत ताब्यात घ्यायचा आणि कुमक येईपर्यंत धरून ठेवायचा. ग्लायडर पुलापासून इतक्या जवळ उतरले होते की त्या जागा बघून माझा विश्वास बसेना. एक मात्र भरकटून मैलोन्‌मैल दूर जाऊन पडलं होतं.

हवालदार_निवृत्त
मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. गेम मी खेळत नाही, पुतण्या खेळतो, त्याच्या शेजारी बसून हा प्राइस बराच बघितलाय. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, थेम्सकाठ ताईंनी पुलाचं लिहिलं म्हणून. असाच पूल आपल्या लोकांनीपण घेतलाय. ११ डिसेंबर १९७१, टांगाइल. २ पॅरा बटालियन लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली विमानातून उतरली आणि लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल धरला, म्हणजे उत्तरेकडून ढाक्याकडं माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तुटावी. २ पॅरा मूळची आपली ३ मराठा. आणि जमिनीवरून येऊन तिला मिळाली ती १ मराठा, जंगी पलटण. १६ डिसेंबरला ढाक्यात आधी शिरलेल्यांत २ पॅरा होती. बेळगावला रेजिमेंटल सेंटरमध्ये ही गोष्ट प्रत्येक रंगरुटाच्या कानावर पडते. गेम बनवणाऱ्यांनी कधीतरी तो पूल बघावा.

दुसरी. छोट्या गस्तीत कमांडर सगळ्यात पुढं चालत नाही. पुढं स्काउट असतो, त्याच्या मागं कमांडर. पुढचा माणूस वाट आणि धोका बघतो, कमांडरला सगळ्यांचं बघायचं असतं. तुमचा प्राइस कायम पुढं. खेळणाऱ्याला वाट कळावी म्हणून ते केलं असणार, मला त्याचा राग नाही. पण मला आवडलं ते वेगळंच. तो कामाचं बोलतो. "थांब." "दोघं आहेत, डावा तुझा." "आता." घाबरलेल्या पोराला लांबलचक सांगितलेलं ऐकू येत नाही. शेतात नव्या खोंडाला जुन्या बैलाबरोबर जुंपतात, तसं आहे ते. शिकवत कुणी नाही, पण चालता चालता खोंड शिकतं.

सह्यकडा
काका, या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. टांगाइलचं पहिल्यांदाच इतकं नीट वाचलं.

गोफण
काकांचं वाचून २००७ च्या गेममधलं 'ऑल घिलीड अप' हे मिशन आठवणं अपरिहार्य. माझ्या मते या संपूर्ण मालिकेचा गाभा तिथे आहे आणि सह्यकडाच्या प्रश्नाचं उत्तरही.

१९९६. प्रिप्यात, म्हणजे चेर्नोबिलच्या स्फोटानंतर २७ एप्रिल १९८६ ला एका दुपारात रिकामं केलेलं शहर. सुमारे ४९ हजार माणसं बसमध्ये बसून निघून गेली. इथे आपण प्राइस असतो, पण लेफ्टनंट प्राइस. आणि आपल्या पुढे कॅप्टन मॅकमिलन. इतका वेळ ज्याच्या मागे चाललो तो स्वतः कुणाच्या तरी मागे गवतातून सरपटत होता, हे गेम आपल्याला त्याच्या डोळ्यांनी दाखवतो. मॅकमिलन सांगेल तेव्हा हलायचं. किरणोत्साराच्या पट्ट्यात शिरलात की मोजणीयंत्राची करकर वाढते. शत्रूची अख्खी पलटण रणगाड्यांसह आपल्या अंगावरून जाते आणि आपण गवतात निपचित. पाहिजे तर गोळी झाडता येते, पण त्या पलटणीसमोर फार वेळ टिकत नाही. ही लेव्हल मोहम्मद अलवी यांनी घडवली. नेमबाजीच्या गेममध्ये गोळी न झाडण्यातला थरार त्यांनी दाखवला.

पुढच्या मिशनमध्ये हॉटेलच्या वरच्या मजल्यावरून गेमचा खलनायक झाखाएव याच्यावर नेम धरायचा. बॅरेट रायफल, लांबचं अंतर, वाऱ्यासाठी झेंड्याकडे बघायचं, शिवाय पृथ्वीच्या फिरण्याचाही हिशेब, असं मॅकमिलन बजावतो. खऱ्या स्नायपर जोडीत बहुतेकदा अनुभवी माणूस दुर्बिणीवर असतो, वारा वाचतो, दुरुस्ती सांगतो, आणि धाकटा ट्रिगरवर. इथे तसंच आहे. गोळी झाखाएवचा हात उडवते, जीव वाचतो. पुढचं सगळं कथानक त्या निसटलेल्या जिवावर उभं आहे.

मग हेलिकॉप्टर कोसळून मॅकमिलन जखमी होतो आणि त्याला खांद्यावर घेऊन आपण त्या बंद पडलेल्या आकाशपाळण्यापर्यंत जातो. आता वाट काढायची आपण. प्राइस कमांडर होतो तो इथे. एकानं दुसऱ्याला तयार केलं, त्यानं तिसऱ्याला. आपण प्राइसमागे चालतो कारण तो काय शिकून आलाय हे आपण त्याच्या जागी उभं राहून अनुभवलेलं असतं.

ऋतुजा_डी
गोफण, सुंदर. यात पिस्तूलही जोडा. २००७ च्या गेमच्या शेवटी पुलावर प्राइसचा साथीदार गॅझ मारला जातो, आपण जखमी पडलेलो असतो आणि प्राइस आपलं एम१९११ पिस्तूल जमिनीवरून सरकवतो. त्यानंच झाखाएव संपतो. दोन वर्षांनी आलेल्या भागात गुलाग या रशियन तुरुंगातला ६२७ नंबरचा कैदी प्राइस निघतो, तेव्हा सोप ते पिस्तूल त्याला परत करतो. आणि २०११ च्या भागात प्रागमध्ये सोप जातो तेव्हा प्राइस ते त्याच्या छातीवर ठेवतो. मी तेव्हा कंट्रोलर खाली ठेवून बराच वेळ रडले होते, आणि आजही ते दृश्य लागलं की रडू येतं.

चौकस
एक बारीक शंका. १९९६ ला लेफ्टनंट, पहिल्या 'मॉडर्न वॉरफेअर'ची गोष्ट २०११ मध्ये घडते तेव्हा कॅप्टन, आणि २०१६ च्या गोष्टीतही कॅप्टनच! आपल्याकडे सेवेची दोन वर्षं झाली की कॅप्टन, सहा झाली की मेजर, तेरा झाली की लेफ्टनंट कर्नल. या माणसाची बढती कुणी अडवली?

हवालदार_निवृत्त
चौकस, वीस वर्षांत मेजर नाही म्हणजे कुणाशी तरी सडेतोड बोलला असणार.

थेम्सकाठ
इकडे शिपायापासून वर आलेल्यांना उशिरा कमिशन मिळतं आणि ते थेट कॅप्टन होतात, म्हणून काही कॅप्टन बरेच वयस्क असतात. पण प्राइसला ते लागू होत नाही, तो आधी लेफ्टनंट होता. एसएएसमध्ये कॅप्टनकडे साधारण सोळा जणांचा ट्रूप असतो, मेजरकडे स्क्वाड्रन. मेजर झाला असता तर नकाशासमोर जास्त आणि दारासमोर कमी दिसला असता. गेमवाल्यांनी त्याला मुद्दाम कॅप्टन ठेवलं असावं.

मृण्मयी
आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ, कारण सगळे तो टाळताहेत. प्राइस चांगला अधिकारी आहे का? माझं उत्तर: नाही. आणि हे मी तो आवडत असूनही लिहिते आहे.

२००७ च्या गेममध्ये तो पकडलेल्या अल-असद या शत्रूच्या म्होरक्याला खुर्चीत बांधून मारहाण करतो आणि फोन येताच डोक्यात गोळी घालतो. हा युद्धकैद्याचा खून आहे. 'मॉडर्न वॉरफेअर २'मध्ये तो कुणालाही न सांगता पाणबुडीतून अण्वस्त्र सोडतो. वॉशिंग्टनच्या आकाशात स्फोट, विमानं आणि हेलिकॉप्टर खाली, अंतराळस्थानकातली माणसं मेलेली. परिणाम चांगला झाला म्हणून आपण टाळ्या वाजवतो. तो निर्णय एका माणसानं घ्यायचा होता का? २०१९ च्या नव्या आवृत्तीत एका गुन्हेगाराला बोलतं करण्यासाठी त्याची बायको आणि लहान मुलगा समोर आणले जातात. तिथे खेळणाऱ्याला बाहेर थांबायची मुभा आहे. प्राइस मात्र खोलीतच असतो.

त्याच २०१९ च्या गेममध्ये 'हायवे ऑफ डेथ' येतो आणि तिथला हल्ला रशियानं केला असं सांगितलं जातं. खऱ्या इतिहासात फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेतहून बसरेकडे परतणाऱ्या इराकी सैन्याच्या ताफ्यांवर त्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावर बॉम्बफेक केली ती अमेरिका आणि मित्रराष्ट्रांनी. काल्पनिक देशात गोष्ट रचा, पण खरं नाव उचलून त्याचा करता बदलायचा हे मला पटत नाही. लाडका कमांडर सोबत असला की आपण असे प्रश्न विचारायचं विसरतो. हवालदार काकांनी सांगावं, कैद्याला गोळी घातली तर काय होतं?

हवालदार_निवृत्त
कोर्ट मार्शल. पोरी, बरोबर लिहिलंस. हत्यार टाकलेला माणूस मग शत्रू राहत नाही, तो कैदी. त्याचा जीव आपल्या जबाबदारीवर. हे आम्हाला पहिल्यापासून शिकवतात, आणि जो अधिकारी हे मोडतो त्याच्यावर जवानांचा विश्वास राहत नाही. आज त्यानं नियम सोडला, उद्या आपल्याला सोडेल.

निशाचर
काका, तरी प्राइस आपल्या माणसांना सोडत नाही हेही खरं ना? सोपसाठी, निकोलाई या साथीदारासाठी तो परत जातोच.

मृण्मयी
निशाचर, मान्य. आपल्या माणसांसाठी जीव देईल. माझा आक्षेप आपल्या नसलेल्या माणसांशी तो कसा वागतो यावर आहे. कमांडर दोन्हींवरून जोखायचा.

जुनी_पानं
मृण्मयी, तुमच्या मुद्द्याला जोड म्हणून २०१२ चा 'स्पेक ऑप्स: द लाइन' सुचवतो. वाळूत गाडलेली दुबई, नायक कॅप्टन वॉकर. इथे कमांडर आपणच, आणि तो चुकतोय हे कळत असूनही पुढे चालत राहायचं. पांढऱ्या फॉस्फरसचा हल्ला केल्यावर त्या धुरातून चालत जाऊन आपण कुणाला जाळलं ते बघायला लागतं. प्राइसच्या गेमनं आपल्याला अशा ठिकाणी कधी थांबायला लावलं नाही. जानेवारी २०२४ पासून तो स्टीमवर विकत मिळत नाही, ज्यांच्याकडे आहे त्यांनी जपून ठेवा.

टोपीवाला
आवाजाबद्दल कुणीच बोललं नाही. २००७ चा बिली मरी की २०१९ चा बॅरी स्लोन? मी मरीच्या बाजूनं. लंडनचा तो खरखरीत, थोडा दमलेला आवाज. आज्ञा देतो पण ओरडावं लागत नाही.

ऋतुजा_डी
मी स्लोन. आवाज आणि देहबोली दोन्ही त्याचीच. २०१९ च्या गेममधलं 'क्लीन हाउस' मिशन बघा: लंडनच्या कॅम्डनमधलं तीन-चार मजली घर, दिवे बंद, हिरवट अंधार, आपण गॅरिक नावाचा सैनिक आणि पुढे प्राइस. खांद्याची एक हालचाल, बोटाची खूण, आणि तुकडी जिना चढते. एका खोलीत बाई पाळण्याकडे धावते. तिच्या हातात बाळ आहे की शस्त्र हे ठरवायला क्षणभरच मिळतो. तिथे प्राइसची शांतता फार आधार देते.

गोफण
मृण्मयीच्या मुद्द्यावर विचार करत होतो. मला वाटतं दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगळी येतात आणि ती तशीच राहू द्यावीत. मागे चालायला प्राइससारखा माणूस नाही: कामापुरतं बोलतो, हात सोडत नाही, पुढच्याला तयार करतो. पण त्याच्या हाती निर्णय सोपवायचा म्हटलं तर मी कचरेन. वरच्या कुणाचा त्याच्यावर अंकुश हवाच. १९९६ मध्ये तो अंकुश मॅकमिलन होता. नंतर कुणीच उरला नाही, आणि तो चुकत गेला तो तिथून.

सह्यकडा
गोफण, धागा काढताना मी दोन्ही प्रश्न एकच समजून विचारले होते. आता ते वेगळे दिसताहेत. जहाजावर मनगट धरणारा प्राइस आणि पाणबुडीवर चावी फिरवणारा प्राइस, दोघेही त्याच स्वभावातून येतात: आपली माणसं वाचली पाहिजेत, बाकी नंतर. पहिल्या वेळी मी सोप होतो म्हणून मला ते प्रेम वाटलं. अंतराळस्थानकात असतो तर काय वाटलं असतं, हा मृण्मयीचा प्रश्न रास्त आहे. २०११ च्या गेमच्या शेवटच्या मिशनमध्ये आपण स्वतः प्राइस म्हणून मकारोव या खलनायकाच्या मागे लागतो. तेव्हा पुढे चालणारं कुणी नसतं, आणि त्या मिशनमध्ये मला सूडापलीकडे काहीच जाणवलं नव्हतं. त्याचं कारण मला या चर्चेत सापडलं.

अथांग_०५
रिमास्टर घेतला! जहाज झालं, प्रिप्यातही झालं, आणि निशाचरदादा म्हणाले तसं प्राइसच्या मागे मागेच फिरतोय. आता व्हेटरनवर, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर, आकाशपाळण्यापाशी अडकलोय. मॅकमिलनला ठेवतो आणि चहूबाजूंनी लोक येतात. काय करू?

निशाचर
मॅकमिलनला उघड्यावर ठेवू नकोस, त्याला लांबवर नेम धरता येईल पण आडोसा राहील अशी जागा बघ. मग घाई न करता येण्याच्या वाटांवर क्लेमोर सुरुंग पेर, सी-४ स्फोटकं सुद्धा. हेलिकॉप्टर येईपर्यंत झोपून राहा, पण एका जागी अडकून पडू नकोस, ग्रेनेडची खूण दिसली की सरक. आणि हेलिकॉप्टर उतरलं की मॅकमिलनला उचलायला विसरू नकोस, त्याच्याशिवाय मिशन संपत नाही.

हवालदार_निवृत्त
आणि पोरा, आधी कान दे. तो जखमी कॅप्टन सांगतोय ते ऐक.